तामार आधी, योसेफ नंतर: तुरुंगात बायबल वाचण्याविषयी

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते. ईशज्ञानाचं शिक्षण संपवून तुम्ही तुरुंगात आठवड्याला एक तास बायबलवाचन घेणार आहात, आधी महिला विभागात आणि पुढे पुरुषांच्या बराकीत. कॉलेजात शिकलेलं स्त्रीवादी वाचन तिथे चालेल का, असं तुम्ही विचारता. मंडळीतले वडीलधारे तुम्हाला सांगतात की तुरुंगात पश्चात्ताप आणि क्षमा एवढंच बोलावं, बाकीचं वर्गात ठेवावं. कुठले उतारे घ्यावेत, कुठले टाळावेत आणि पुरुष विभागात बाईने जावं का, हेही तुम्हाला हवं आहे.

मी दोन्ही विभागांत बरीच वर्षं हे काम करते आहे. स्त्रीवादी वाचनाची गरज वर्गापेक्षा तुरुंगात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते तयार निष्कर्ष म्हणून आत नेऊ नका. ‘या कथेत बाईवर अन्याय झाला’ असं तुम्ही आल्या आल्या सांगितलंत, तर ऐकणाऱ्या बायका मान डोलावतील, पुरुष तोंड फिरवतील आणि दोघांनीही काही वाचलेलं नसेल. तुम्ही प्रश्न घेऊन जा. माझा बहुतेक वेळा एकच असतो: या कथेत शिक्षा सुनावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो त्याला कोणी दिला? हा प्रश्न तुरुंगातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल आधी बोलते, कारण तो सद्हेतूने दिलेला आहे आणि तरीही तो मला मान्य नाही. बाहेरून येणारे बरेच जण पहिल्याच भेटीत योहान ८ उघडतात, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशू ‘यापुढे पाप करू नको’ म्हणून सोडतो ती गोष्ट. मी सुरुवातीचे काही महिने तो उतारा घेतच नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. तुमच्यासमोर बसलेली बाई जामीनदार मिळत नाही म्हणून आत असेल, पुढच्या तारखेची वाट बघत असेल, आणि तुम्ही तिला ‘यापुढे पाप करू नको’ हे वाक्य वाचून दाखवता. कोर्टाच्या आधी तुम्हीच निकाल देऊन मोकळ्या होता. क्षमेचा विषय यायला हवा, पण तो त्यांच्याकडून यावा. तो येतोच.

पुढे कधी योहान ८ घेतलात, तर लेवीय २०:१० शेजारी ठेवा. तिथला नियम व्यभिचार करणाऱ्या पुरुषाला आणि बाईला, दोघांनाही शिक्षा सांगतो आणि योहान ८ मध्ये धरून आणलेली एकटी बाईच आहे. ‘तो कुठे गेला?’ हे महिला विभागात तुम्हाला विचारावं लागणार नाही, त्याच विचारतील.

आता पुरुषांची बराक. तिथे सगळ्यांत लाडकी गोष्ट योसेफाची असते, आणि का नसावी? भावांनी विकलेला, परक्या देशात गुलाम झालेला, मालकाच्या बायकोने खोटा आळ घेतला म्हणून तुरुंगात पडलेला आणि शेवटी राजाच्या उजव्या हाताला बसलेला माणूस. खोट्या केसमध्ये अडकवलं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो आपला वाटतो, आणि त्यांतल्या काहींना खरोखरच अडकवलेलं असतं. पण विनयभंगाच्या किंवा बलात्काराच्या कलमाखाली आलेला माणूस जेव्हा उत्पत्ति ३९ वर बोट ठेवून म्हणतो, ‘बघा मॅडम, बाया खोटं बोलतात, इथेच लिहिलंय,’ तेव्हा काय कराल? आकडेवारी सांगून खोट्या तक्रारी किती थोड्या असतात हे पटवायला गेलात, तर पुढच्या आठवड्यात कोणी येणार नाही. मान डोलावलीत, तर जिची तक्रार त्या फायलीत आहे तिच्यावर तुम्ही अन्याय केलात.

म्हणून मी योसेफाच्या आधी तामार घेते, उत्पत्ति ३८. बायबलच्या क्रमातही ती आधीच येते. योसेफाची गोष्ट मध्येच थांबवून हा अध्याय घातलेला आहे, आणि प्रवचनांत तो हमखास गाळला जातो. तामार यहूदाची सून. पहिला नवरा मेला, मग दुसरा नवरा झालेला दीरही मेला, आणि तिसरा मुलगा मोठा झाला की त्याच्याशी लग्न लावू असं सांगून यहूदाने तिला माहेरी धाडलं. ते वचन पाळायचा त्याचा विचार नव्हता. वर्षं गेली. शेवटी तिने विधवेची वस्त्रं उतरवली, बुरखा घेतला आणि यहूदा ज्या वाटेने मेंढरं कातरायला निघाला होता तिथे जाऊन बसली. वेश्या समजून तो तिच्याकडे गेला. मोबदल्याचं करडू पाठवेपर्यंत तारण म्हणून तिने त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी मागून घेतली. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं त्याच्या कानावर आलं. तो म्हणाला, तिला बाहेर काढा आणि जाळून टाका.

इथे मी थांबते आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारते. जाळा म्हणणारा हा कोण? सुनावणी झाली का? तिला विचारलं का कोणी? पुरुष यावर भरभरून बोलतात. चौकशीशिवाय निकाल म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर घेतलेलं असतं. मग आम्ही मुद्रेकडे येतो. तिने मुद्रा का मागितली असेल? उत्तर त्यांच्याकडे तयार असतं: मुद्देमाल. आपल्या तोंडी शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं, म्हणून तिने पुरावा जपून ठेवला. त्या तीन वस्तू समोर आल्यावर यहूदाला म्हणावं लागलं की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे.

पुढच्या आठवड्यात अध्याय ३९. तिथेही मुद्देमाल आहे, पळताना मालकिणीच्या हाती राहिलेलं योसेफाचं वस्त्र. एका अध्यायात वस्तू खरं सांगते, लगेच दुसऱ्यात खोटं. मग खरंखोटं ठरतं कशावर? योसेफाचा मालक पोटीफर, त्याची बायको घरच्या नोकरांना आणि नवऱ्याला काय सांगते ते नीट वाचा. ती त्याचं नाव घेत नाही. हा इब्री, असं म्हणते. ती मालकीण, तो परमुलखातून विकत आणलेला गुलाम. तिचा शब्द चालला तो ती बाई आहे म्हणून नव्हे, ती मालकीण आहे म्हणून. आणि तामारचा शब्द चालला नसता, कारण ती निराधार सून होती. दोन अध्याय शेजारी ठेवले की ‘बाया खोटं बोलतात’ हा विषय मागे पडतो आणि ‘कोणाचा शब्द चालतो’ हा पुढे येतो. पारधी म्हणून पोलिसांनी उचललेला माणूस तिथे बसलेला असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का कायदा रद्द झाल्यावरही त्याच्या समाजावरून पुसला गेलेला नाही. ‘हा इब्री’ म्हणजे काय हे तो तुम्हाआम्हाला शिकवतो. दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचं तुरुंगातलं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे ध्यानात ठेवून आत जा. तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. एवढ्यातलीच गोष्ट आहे ही.

पोटीफरच्या बायकोला नाव नाही, हेही दाखवा. तिची बाजू सांगणारा त्या कथेत कोणी नाही आणि ती गोष्ट योसेफाच्या वंशजांनी जपली. म्हणून तिचा आरोप खरा ठरत नाही. पण गोष्ट कोण सांगतंय हे विचारायची सवय लागते, आणि ज्याची गोष्ट आजवर फक्त आरोपपत्राने सांगितली त्याला ती सवय लागलेली बरी. सगळ्याच वेळी चर्चा इथवर पोचत नाही. काही वेळा यहूदाला शिव्या घालून तास संपतो. तेवढ्यावर थांबा.

महिला विभागात मी हागारेपासून सुरुवात करते, उत्पत्ति १६ आणि २१. हागार ही अब्राहामाची बायको सारा हिची मिसरी दासी; साराच्या छळाला कंटाळून ती गरोदरपणी रानात पळते. कॉलेजात तुम्ही फिलिस ट्रिबल यांचं १९८४ चं लेखन वाचलं असेल. त्यांनी हागार, दावीदाची मुलगी तामार, इफ्ताहाची मुलगी आणि लेव्याची उपपत्नी या चौघींच्या कथा भयकथा म्हणून उघडपणे वाचल्या. त्याहून तुरुंगात मला उपयोगी पडल्या त्या डेलोरिस विल्यम्स. १९९३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीच्या नजरेने हागार वाचली आणि एक अवघड गोष्ट स्पष्ट सांगितली: उत्पत्ति १६ मध्ये देव हागारेला सोडवत नाही. तो तिला जगायला मदत करतो. महिला विभागात हे वाक्य लगेच पोचतं, कारण तुमच्या तासाने कोणाचीच सुटका होणार नसते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी आजचा दिवस काढायचा असतो.

अध्याय १६ च्या नवव्या ओवीत देवदूत तिला सांगतो, आपल्या मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. इथे वर्ग पेटतो. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून माहेरच्यांनी मारझोडीत परत पाठवलेल्या किती तरी जणी तिथे बसलेल्या असतात, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत त्या परत जाण्याचा शेवट खुनाच्या कलमात झालेला असतो. ती ओवी सावरून घेऊ नका. ‘यामागे देवाची योजना होती’ असं म्हणू नका. त्यांना देवदूताशी भांडू द्या. मग एवढंच दाखवा की जिथे देवदूत भेटला त्याच विहिरीपाशी हागार देवाला नाव देते, मला पाहणारा देव, आणि बायबलमध्ये देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे. एक परदेशी, गरोदर, पळालेली दासी.

आता वर्गात जे शिकवत नाहीत ते. महिला विभागात सगळ्याच हागारा नसतात. हुंडाबळीच्या कलमाखाली आलेल्या सासवा आणि नणंदा तिथे असतात, आणि त्यांच्याच शेजारी सासरच्या छळाला कंटाळून काही तरी करून बसलेली सून झोपते. हागारेची गोष्ट सुरू झाली की त्या म्हाताऱ्या बायका खाली बघतात. स्त्रीवादी वाचन म्हणजे बाईची बाजू एवढंच आपण धरून आलो असू, तर इथे आपल्याकडे बोलायला काही उरत नाही, कारण छळणारीही बाईच आहे. म्हणून साराचीही पूर्ण गोष्ट वाचा. अध्याय १२ आणि २० मध्ये अब्राहामाने आपला जीव वाचवायला तिला बहीण म्हणवून परक्या राजांच्या घरात जाऊ दिलं. पहिल्या वेळी फारोकडून त्याला मेंढरं, गुरं, दास आणि दासी मिळाल्या. तीच सारा अध्याय १६ मध्ये मिसरी दासीला नवऱ्याच्या स्वाधीन करते आणि मग तिचा छळ करते. जे तिच्या बाबतीत झालं, ते तिने खालच्या बाईच्या बाबतीत केलं.

यातून सारा निर्दोष ठरत नाही, आणि हे स्पष्ट बोलायला हवं. हागारेच्या अंगावरचे वळ साराच्या दुःखाने पुसले जात नाहीत. पण मग विचारा: या सगळ्यात अब्राहाम काय म्हणाला? ‘तुझी दासी तुझ्या हाती आहे, तुला बरं वाटेल तसं कर.’ बायका हे वाक्य ताबडतोब ओळखतात. तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका. घरातला पुरुष बाजूला झाला, दोन बायका एकमेकींच्या गळ्याशी आल्या आणि आज त्यांपैकी कोणीतरी आत आहे. सासू आणि सून एकाच गोष्टीवर बोलायला लागल्याचं मी इथेच पाहिलं आहे. समेट वगैरे नाही, फक्त बोलणं.

अध्याय २१ जपून घ्या. घरातून हाकलल्यावर रानात पाणी संपतं, हागार मुलाला झुडपाखाली ठेवते आणि दूर जाऊन बसते, त्याचं मरण बघवणार नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे आईजवळ तुरुंगात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. मग ते नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं. जिचं मूल नुकतंच बाहेर गेलं आहे ती तिथे असेल, तर हा अध्याय पुढे ढकला. घेतलात, तर शेवटी देव दाखवतो त्या पाण्याच्या विहिरीकडे घाईने पळू नका. त्यांना रडायचं असेल तर तास तिथेच जाऊ दे.

दुसरी तामार, दावीदाची मुलगी, जिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो, २ शमुवेल १३, हा तुरुंगासाठी सगळ्यांत ताकदीचा आणि सगळ्यांत धोक्याचा उतारा. दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गच्या उजामा केंद्राने १९९० च्या दशकात तो गावागावांतल्या बायकांबरोबर वाचायला घेतला आणि त्यातून तामार मोहीम उभी राहिली. पुढे तोच उतारा त्यांनी अम्नोनाच्या बाजूने पुरुषांबरोबर वाचला: हा असा कसा झाला, त्याला युक्ती सांगणारा मित्र कोण, बाप रागावून गप्प का बसला? त्यांची एक अट मी काटेकोर पाळते. जिने किंवा ज्याने त्या दिवशी तोंड उघडलं, त्याला पुढे बोलायला माणूस असला पाहिजे. तुम्ही तासाने बाहेर पडाल. तिला संध्याकाळी बंदी झाल्यावर त्याच बराकीत रात्र काढायची आहे. समुपदेशक दुसऱ्या दिवशी येणार असेल तरच हा उतारा उघडा.

लेव्याच्या उपपत्नीची कथा, शास्ते १९, तुरुंगात घेऊ नका, कधीच नाही. होशेय २ आणि यहेज्केल १६ व २३ हेही वाचनासाठी निवडू नका. तिथे देव हा बायकोला उघडी पाडणारा, कोंडणारा नवरा होऊन बोलतो. रेनिटा वीम्स यांनी या रूपकांवर सविस्तर लिहिलं आहे, ते तुमच्या तयारीसाठी वाचा. पण नवऱ्याच्या मारातून आलेल्या बाईपुढे ते उतारे मोठ्याने वाचायचं काहीच कारण नाही.

गटात कॅथलिक बायका असतील, वसईच्या किंवा गोव्याच्या, तर त्यांच्या बायबलमध्ये दानीएलाच्या पुस्तकात सुसान्नाची गोष्ट आहे. समाजातले दोन वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात, मरणाची शिक्षा होते आणि दानीएल त्या दोघांना वेगवेगळं विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? दोघे दोन झाडं सांगतात. उलटतपासणी म्हणजे काय हे बायका या कथेवरून झटकन समजतात. पण ‘जिला दानीएल मिळाला नाही तिचं काय?’ हा प्रश्न आला, की नुसतं बायबल पुरत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हे माहीत नसलेल्या बायका प्रत्येक गटात भेटतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याची, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेल्यावर, जातमुचलक्यावर सुटका व्हायला हवी. मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ते लागू नाही. तुम्ही वकिली करू नका, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस त्या विभागात कधी येतो हे विचारून ठेवा आणि सांगा.

हे सगळं पाश्चात्त्य आहे असं कोणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंचं नाव सांगा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलहॅमला ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांचं आश्रयस्थान पाहिलं आणि या बायकांना जवळ करण्याची बुद्धी कशातून आली असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहान ४ वाचून दाखवण्यात आला, येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट. पुढे केडगावात त्यांनी अशा बायकांसाठी कृपासदन काढलं, आणि मूळ भाषा शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. तो उतारा महिला विभागात जरूर घ्या. पाच नवरे झाले म्हणून प्रवचनकार त्या बाईला बदफैली ठरवतात, पण येशू तिला पापी म्हणत नाही की क्षमाही करत नाही. त्या काळात काडीमोडाचा अधिकार प्रामुख्याने नवऱ्याकडे असे. पाचांपैकी किती मेले आणि किती जणांनी सोडलं, हे विचारून बघा.

कामाच्या काही गोष्टी. अधीक्षकांच्या परवानगीत जे लिहिलं आहे तेवढंच करा. गटात हिंदू, मुसलमान, बौद्ध बायका येतील, बहुतेक वेळ घालवायला आणि बराकीतून बाहेर पडायला. त्यांना गोष्ट ऐकण्याचा आणि त्यावर भांडण्याचा पूर्ण हक्क आहे. धर्म बदलण्याची भाषा तुमच्या तोंडी येता कामा नये. सुटकेचं आश्वासन प्रार्थनेतसुद्धा देऊ नका. उतारा मोठ्याने, दोनदा वाचा, कारण अनेकींना अक्षरओळख नसते. केस काय आहे असं कधी विचारू नका, आणि कोणी गुन्ह्याची कबुली द्यायला लागली तर तिला मायेने थांबवा. शेजारी सहआरोपी बसलेली असते, दाराशी शिपाई उभी असते, आणि खटला चालू आहे. कथेतल्या माणसाबद्दल बोलू, असं म्हणा. म्हणूनच गोष्टी घ्यायच्या, नव्या करारातली पत्रं नंतर. तामारबद्दल बोलताना माणूस स्वतःबद्दल जितकं हवं तितकंच सांगू शकतो.

पुरुष विभागात बाईने जावं का? जावं, पण एकटीने नाही आणि पहिल्या वर्षी नाही. आधी महिला विभागात कान तयार होऊ द्या. बरोबर असा पुरुष सहकारी घ्या, जो तुमचं वाक्य पुरं करणार नाही. उत्पत्ति ३८ मधली ‘तिला जाळून टाका’ ही यहूदाची ओळ त्याला वाचू द्या आणि तामारचं उत्तर एखाद्या कैद्याला. त्यानंतरचे प्रश्न तुम्ही विचारा.